धवल्याचं मास्टर कुणाकडे?

आज बोलूया एमपीथ्रीच्या इतिहासावर, आणि तो पेण-रोह्याच्या लग्नघरात कसा शिरतो त्यावर.

आधी हिशोब. 1982 साली सीडी बाजारात आली. तिच्यात एका सेकंदाच्या स्टिरिओ आवाजाला सुमारे 1,411 किलोबिट लागतात. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं 50 एमबीच्या वर. तेच गाणं 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत पाच एमबीच्या आत बसतं. मग उरलेलं जातं कुठे?

कानाची एक गंमत आहे. ढोल-ताशा चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोठा आवाज बारीक आवाजाला झाकतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रँडनबर्ग आणि मंडळींनी हेच वापरलं: जे झाकलं जातंय, ते टाकून द्या किंवा ढोबळ लिहा. जुलै 1995 मध्ये या फाईलला 'एमपीथ्री' हे नाव मिळालं.

पण त्याआधी गाडी एका गाण्यावर अडली होती. सुझान वेगाचं 'टॉम्स डायनर'. नुसता गळा, एकही वाद्य नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत तो आवाज पार बिघडायचा, कारण चूक झाकायला मागे काहीच नव्हतं. तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी पद्धत सुधारली.

आता आपल्याकडे या. आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते, तेही नुसत्या गळ्यावर. धवळे मराठीत फार जुने. महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले. अशा गाण्यांचं घरगुती रेकॉर्डिंग कॅसेटवर झालं, मग कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत मेमरी कार्डावर गेलं, मग कुणी त्याचा व्हिडिओ बनवून पुढे ढकलला. फाईल नुसती कॉपी केली तर काही बिघडत नाही. पुन्हा कॉम्प्रेस केली की बिघडते. पेणच्या गणपती कारखान्यात विचारा: साच्यातून निघालेल्या मूर्तीवरून पुन्हा साचा घेतला, की दागिन्यांची रेघ बोथट होते. तसंच हे. नंतर 320 केबीपीएस केलं तरी गेलेलं परत येत नाही.

सिनेमातल्या गाण्याचं मास्टर कंपनीकडे असतं. ते उद्या चांगल्या दर्जात पुन्हा निघेल. आजीच्या धवल्याचं मास्टर मात्र तुमच्या कपाटातली ती कॅसेटच. एमपीथ्री आहे म्हणून ती भंगारात गेली, तर टाकलेला आवाज कायमचा गेला.

म्हणून कॅसेट आधी वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा. फ्लॅक जागा वाचवतं, पण आवाजातलं काही टाकत नाही. ग्रुपवर पाठवायला एमपीथ्री नंतर बनवा. आणि गावात धवलारीण असेल, तर तिला विचारून फोनच्या सर्वांत वरच्या क्वालिटीत रेकॉर्ड करून ठेवा.

ऐकत राहा, भेटू पुढच्या भागात!