जुन्या मोटारीच्या इंजिनाचा मूळ रंग कसा शोधावा?

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाले. तेथील जुन्या वाहनांमध्ये 'सिल्व्हर घोस्ट' सांगाड्यावर बांधलेली रोल्स-रॉईस चिलखती गाडीही आहे. अशी वाहने पाहून घरच्या जुन्या मोटारीचा पुनरुद्धार करण्याची इच्छा अनेकांना होते. बाह्य रंगाची चौकशी सारेच करतात. बॉनेटखालच्या रंगाकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः इंजिनाचा रंग ही त्या कारखान्याची आणि काळाची खूणच असते.

कंपनीनुसार रंग

फोर्डच्या 'मॉडेल ए' (१९२८ ते १९३१) मोटारीचे इंजिन हिरवे असे. शेव्हरोलेची सहा सिलिंडरची इंजिने आधी राखाडी होती. १९५० च्या दशकात ती निळी झाली. सुरुवातीच्या 'एमजीबी'चे इंजिन तपकिरी छटेच्या लाल रंगाचे, तर नंतरचे काळे. ३.८ लिटरच्या जॅग्वार 'ई-टाइप'चे हेड सोनेरी रंगाचे असे. एकाच मॉडेलचा रंग मध्येच बदललेला असू शकतो. त्यामुळे उत्पादनाचे वर्ष आणि इंजिन क्रमांक प्रथम पडताळावा.

दिसणारा रंग मूळचाच, असे गृहीत धरू नये. इंजिन उतरवून दुरुस्त करताना ते पुन्हा रंगविण्याची पद्धत सर्वत्र आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची कारखान्यातच नव्याने बांधलेली 'गोल्ड सील' इंजिने सोनेरी रंगवली जात. असे इंजिन मूळचे हिरवे असल्याचे वरून कळत नाही.

पुरावा कोठे सापडतो?

ऊन, उष्णता आणि ब्रश जेथे पोचत नाहीत, तेथे मूळ रंग टिकतो. इंजिन फाउंडेशनची बैठक, डायनॅमो व स्टार्टरच्या मागची बाजू, क्रमांकपट्टीखालचा भाग ही त्याची ठिकाणे होत. तेलाची जुनी पुटे येथे रंगाचे रक्षणच करतात. पुटे रॉकेलने हलक्या हाताने काढावीत. नंतर बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासावी. रंगाचे थर एकाभोवती एक वलयांसारखे उघडे पडतात. सर्वांत आतला थर बहुधा प्रायमरचा असतो. त्याच्या लगतचा थर कारखान्यातील रंगाचा असण्याची शक्यता अधिक. दोन-तीन ठिकाणी तोच क्रम आढळला, तरच निष्कर्ष काढावा.

जुन्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासणे टाळावे, मास्क वापरावा आणि मुलांना दूर ठेवावे.

रंग जुळविताना

उष्णतेने पांढरा रंग पिवळसर, तर लाल रंग काळपट होतो. त्यामुळे नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा. रंगाच्या दुकानातील कॉम्प्युटर मॅचिंग उपयोगी पडते; पण यंत्र मळलेल्या नमुन्याचा मळही मोजते. ब्रिटिश गाड्यांसाठी 'बीएस ३८१ सी' या मानकाचे रंगपत्रक सोयीचे ठरते. भारतीय मानक 'आयएस ५' मध्येही त्यातील अनेक क्रमांक आढळतात. उदाहरणार्थ, ५३७ म्हणजे दोन्हीकडे 'सिग्नल रेड'.

ब्लॉकसाठी उष्णता सोसणारा इनॅमल घ्यावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तापमान कित्येक शे अंशांपर्यंत जाते. तेथे हा रंग जळतो. प्रत्येक भाग रंगवायचा नसतो, हेही ध्यानी असावे. 'सिल्व्हर घोस्ट'च्या इंजिनातील ॲल्युमिनियमचे क्रँककेस रंगाविनाच असे.

नोंदणी व नोंद

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो.

सर्वांत मोठा धोका घाईचा असतो. इंजिनावर रेतीचा मारा केला की सारे थर एका दुपारीत नष्ट होतात, आणि ते पुन्हा कोठूनही आणता येत नाहीत. त्याआधी छायाचित्रे घ्यावीत, रंगाचे कपचे पाकिटात तारखेसह जपावेत आणि फाउंडेशनखालची नखाएवढी जागा मूळ रंगासह तशीच ठेवावी. पुढच्या मालकाला तिचा उपयोग होईल.