संवर्धित चेतापेशींतील अक्षतंतू-वहन

चेतापेशीच्या पेशीकायेत तयार झालेली प्रथिने, पुटिका व तंतुकणिका अक्षतंतूच्या टोकापर्यंत पोहोचवणे आणि टोकाकडील जीर्ण द्रव्य व रासायनिक संदेश पेशीकायेकडे परत आणणे, या दुहेरी क्रियेस अक्षतंतू-वहन म्हणतात. माणसाच्या कमरेपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. ही वाहतूक खोलवरच्या चेतांमध्ये प्रत्यक्ष पाहणे कठीण असल्याने तिचा बराचसा अभ्यास प्रयोगशाळेत काचेवर वाढवलेल्या चेतापेशींवर झाला आहे.

पार्श्वभूमी

१९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतक लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून त्यातून तंतू वाढताना पाहिले. १९४८ मध्ये पॉल वाइस व हेलन हिस्को यांनी चेता आवळली असता पेशीकायेकडील बाजूस द्रव्य साचते, असे दाखवले. पुढे किरणोत्सारी अमिनो आम्लांच्या साहाय्याने वेग मोजले गेले : जलद वहन दिवसाला सुमारे ५० ते ४०० मिलिमीटर, तर संथ वहन ०.२ ते ८ मिलिमीटर. कायनेसिन हे वाहक प्रथिन १९८५ मध्ये स्क्विडच्या चेताद्रव्यातून ओळखले गेले. सूक्ष्मनलिकांवरून ते माल टोकाकडे नेते. उलट दिशेचे काम डायनीन करते.

पद्धती

उंदराच्या भ्रूणातील हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग विकराने सुटा करून त्यातील पेशी पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या काचेवर पसरतात. काही दिवसांत प्रत्येक पेशीच्या अनेक फुटव्यांपैकी एक झपाट्याने लांबतो, तोच अक्षतंतू. अभ्यासाच्या प्रथिनाला हिरवे प्रतिदीप्त प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतात. अक्षतंतूच्या या प्रतिमा काळाच्या क्रमाने एकाखाली एक मांडल्या की थांबलेला कण उभ्या रेषेसारखा आणि चालणारा कण तिरप्या रेषेसारखा दिसतो. रेषेच्या कलावरून वेग काढतात.

रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी १९७७ मध्ये कप्पे असलेले पात्र वापरले. त्यात पेशीकाया एका कप्प्यात राहतात व अक्षतंतू पडद्याखालून दुसऱ्यात शिरतात, त्यामुळे केवळ टोकांनाच एखादे द्रव्य देऊन ते मागे पोहोचते का, हे तपासता येते.

संथ वहनाचा उलगडा

‘संथ’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. चेतातंतुके नावाचे प्रथिनतंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी, मंद यंत्रणा असावी असा तर्क होता. २००० मध्ये लेई वांग, अँथनी ब्राउन व सहकाऱ्यांनी संवर्धित पेशींत ही तंतुके जलद वहनाच्याच वेगाने धावताना टिपली. मात्र मधले थांबे दीर्घ होते. सेकंदाला १ मायक्रोमीटर या वेगाने अखंड धावल्यास दिवसात ८६ मिलिमीटर अंतर कापले जाईल. जुन्या मोजणीत हाती येई ती फक्त सरासरी.

उपयोग व मर्यादा

कायनेसिनच्या केआयएफ५ए या जनुकातील दोषामुळे पायांत ताठरपणा आणणारा एक आनुवंशिक विकार होतो. रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी व त्यांपासून चेतापेशी घडवून अशा विकारांतील वहन आता तपासता येते.

तरीही काचेवरचा अक्षतंतू आखूड, बहुधा मायलिन-आवरणाविना आणि भ्रूणावस्थेशी जवळचा असतो. तीव्र प्रकाशानेही पेशीला इजा होते. म्हणून निष्कर्ष जिवंत प्राण्यांत पडताळावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सी. एलेगन्स या पारदर्शक सूत्रकृमीत अक्षतंतू-वहनाचा अभ्यास करतो.