कोमालाचा दुसरा बाप

हुआन रुल्फोची ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी १९५५ साली मेक्सिकोत प्रसिद्ध झाली. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो कोमाला नावाच्या गावी येतो, कधी न पाहिलेल्या बापाला, पेद्रो पारामोला, शोधायला. बाप केव्हाच मेला आहे. गावही मेलं आहे. ज्यांच्याशी तो बोलतो त्यांतले बहुतेक जण जिवंत नाहीत, आणि कादंबरीच्या मध्यावर तो स्वतःही मरतो. पुढचं सगळं तो दोरोतेया नावाच्या भिकारणीबरोबर एकाच खड्ड्यात पडून ऐकतो.

या छोट्या पुस्तकाबद्दल जे सर्वत्र सांगितलं जातं ते असं: ही एका नालायक बापाची गोष्ट आहे. कर्ज बुडवता यावं म्हणून पेद्रो हुआनच्या आईशी, दोलोरेसशी, लग्न करतो आणि पुढे तिला कायमची बहिणीकडे धाडतो. जमिनी बळकावतो, आडवे येतील त्यांना संपवतो, गावभर मुलं जन्माला घालतो आणि एक मिगेल सोडला तर कुणाला आपलं म्हणत नाही. त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती सुसाना मरते तेव्हा दिवसरात्र चाललेल्या घंटांचा अर्थ न कळून लोक जत्रा भरवतात. तो हाताची घडी घालून बसतो आणि गाव उपाशी मरू देतो. मेक्सिकन कवी ओक्ताव्हिओ पाझने १९५०च्या ‘एल लाबेरिंतो दे ला सोलेदाद’ या पुस्तकात मेक्सिकन मनातल्या पुरुषी जुलमाची मीमांसा केली होती. मेक्सिकन माणूस मृत्यूशी थट्टा करतो, त्याचा सण करतो, हेही त्याच पुस्तकात आहे. कादंबरीतल्या बापाचा आणि भुतांचा असा दोन्हींचा उलगडा तिथूनच करायची पद्धत पडली. पुढे गार्सिया मार्केझने ही कादंबरी आपल्याला तोंडपाठ होती असं सांगितलं, आणि ‘जादुई वास्तववाद’ हे लेबल तिला मागाहून चिकटलं.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. पेद्रोचा एकही गुन्हा मला सौम्य करायचा नाही. पण माझा प्रश्न साधा आहे. उपासमारीने माणसं मरतात. मेल्यावर भटकत का राहतात? पेद्रोच्या क्रौर्याने कोमालाचं मरण समजतं, मरणानंतरचं काहीच समजत नाही. आणि पुस्तकाचं निम्म्याहून जास्त अंग तर मरणानंतरचं आहे.

आपल्याकडच्या वाचकाचा इथे आणखी एक घोटाळा होतो. पिंडाला कावळा शिवला नाही की काहीतरी इच्छा राहिली असणार, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. म्हणून कोमालाचे मृतही अतृप्त वासनेने अडकलेत असं आपण धरून चालतो. पण त्यांना हवी असते प्रार्थना. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा का अर्पण करतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं: पापमुक्ती पूर्ण न होता गेलेल्याला जिवंतांच्या प्रार्थनेचा आधार लागतो. भावाबरोबर नवराबायकोसारखी राहणारी एक बाई हुआनला हेच सांगते. भटकणारे आत्मे इतके आणि जिवंत इतके थोडे की वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला प्रार्थनेचा तुकडा यायचा. सणाची मजा किंवा कल्पनेची भरारी यात कुठे आहे? हा कॅथलिक परलोकाचा जमाखर्च आहे, आणि रुल्फोने तो काटेकोर ठेवला आहे.

तो जमाखर्च कोमालात कुणाच्या हाती होता? पाद्री रेंतेरियाच्या. गावाने ज्याला बाप म्हणायचं असा तो दुसरा माणूस, आणि माझ्या मते कादंबरीतला अधिक दोषी बाप.

मिगेलच्या अंत्यविधीचा प्रसंग पाहा. या पोराने पाद्र्याच्या भावाचा जीव घेतला, पुतणी आनावर बलात्कार केला, असं सगळे मानतात. रेंतेरिया आशीर्वाद नाकारतो. मग पेद्रो जवळ येतो, तुमचा राग मला समजतो म्हणतो आणि सोन्याची नाणी ठेवतो. देऊळ रिकामं झाल्यावर पाद्री ती नाणी उचलून वेदीपाशी नेतो, हीच किंमत आहे का ते तूच ठरव असं देवाला सांगतो, आत जाऊन रडतो आणि शेवटी हार मानतो.

त्याच रात्री त्याला मारिया द्यादा आठवते. तिची बहीण एदुविहेस आयुष्यभर सगळ्यांच्या उपयोगी पडली आणि शेवटी तिने जीव दिला. आत्महत्या म्हणजे सगळं पुण्य एका क्षणात बुडालं, असं पाद्री सांगतो. काहीच उपाय नाही का, म्हणून मारिया कळवळून विचारते. खूप प्रार्थना झाल्या तर कदाचित. पण त्याला मृतासाठी ओळीने अनेक दिवस अर्पण करायच्या ग्रेगोरियन मिस्सा लागतील, बाहेरून पाद्री आणावे लागतील, आणि त्याला पैसे पडतात. मारियाकडे पैसे नाहीत. कोमालात येणाऱ्या हुआनला रात्री निवारा देणारी बाई हीच एदुविहेस. ती अजून तिथेच का आहे याचं उत्तर पेद्रोच्या हवेलीत नाही, पाद्री आणि मारियाच्या त्या बोलण्यात आहे. मिगेलसाठी पोरी मिळवून देणारी दोरोतेया कबुली द्यायला येते तेव्हाही रेंतेरिया तिला स्वर्ग मिळणार नाही असं सांगतो. ज्याच्यासाठी तिने ते केलं त्याला मात्र आशीर्वाद मिळून गेलेला असतो.

यावर कुणी म्हणेल की पाद्री तरी काय करणार, तोही पेद्रोच्या पैशावर जगणारा. हे कारण रेंतेरिया स्वतःला देऊन पाहतो. गरिबांच्या प्रार्थनेने पोट भरत नाही, हे त्याचंच म्हणणं. पण ते त्यालाच पटत नाही, म्हणून तो शेजारच्या कोंत्लाच्या पाद्र्याकडे कबुलीला जातो. तो पाद्री त्याला पापमुक्ती नाकारतो. गावाची श्रद्धा मोडू दिलीस, असा त्याचा आरोप आहे. म्हणजे निवाडा माझा नाही. कादंबरीच्या आतच, त्याच धर्माच्या माणसाने तो दिला आहे.

रुल्फो सहा वर्षांचा असताना, १९२३ साली, त्याच्या वडिलांचा खून झाला. म्हणून हुआनच्या शोधात लेखकाचं पोरकेपण पाहणारेही बरेच आहेत. पण रुल्फोचा बाप मारला गेलेला होता, पेद्रो मारणारा आहे. रुल्फोच्या आयुष्यातला दुसरा धागा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९२६ ते १९२९ या काळात सरकार आणि चर्च यांच्यात क्रिस्तेरो युद्ध पेटलं, आणि रुल्फोचा हालिस्को प्रांत त्याच्या ऐन मध्यावर होता. सरकारी कायद्यांच्या निषेधार्थ बिशपांनी जाहीर उपासना थांबवल्या. गावच्या पाद्र्याने आपली पुस्तकं रुल्फोच्या आजीच्या घरी ठेवली आणि हा मुलगा तीच वाचत बसला. देवळं ओस पडलेल्या काळात माणसं कबुलीशिवाय, अंत्यविधीशिवाय मरत होती. कोमालाला जादू म्हणणाऱ्यांनी हा काळ एकदा डोळ्यांसमोर आणावा.

रेंतेरियाही शेवटी बंदूक घेऊन क्रिस्तेरोंना जाऊन मिळतो. काही वाचकांना त्यात त्याचं प्रायश्चित्त दिसतं. मला ते मुळीच मान्य नाही. तो धर्मासाठी लढायला जातो आणि ज्यांच्यासाठी धर्म होता त्यांना मागे सोडून जातो. पुढे हुआन प्रेसियादो कोमालात मरतो तेव्हा त्याला पुरायला कुणीतरी मिळतं, पण त्याच्यावर दोन शब्द म्हणायला गावात पाद्री नसतो.