पत्रद्वारा शिक्षण ते ऑनलाइन पदवी : एक ऐतिहासिक आलोचन

महाविद्यालयाच्या वास्तूत नित्य उपस्थित न राहता पदवी संपादन करण्याची सोय ही संगणकयुगाची निर्मिती आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ह्या व्यवस्थेस पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमास प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हा इतिहास ज्ञात असणे त्याच्या हिताचे आहे. कारण ह्या शिक्षणाची साधने वारंवार बदलली असली, तरी त्याविषयीचे मूलभूत प्रश्न फारसे बदललेले नाहीत.

१८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली. त्याच वर्षी आयझॅक पिटमन ह्यांनी टपालाने लघुलेखन शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी नेमून दिलेला उतारा लघुलिपीत लिहून धाडीत आणि तो तपासून त्यांच्याकडे परत येई. शिक्षण अशा रीतीने दोन्ही दिशांनी चालत असे. स्वस्त टपालाविना हे शक्य नव्हते, हे खरे. परंतु तपासणाऱ्या शिक्षकाविनाही ते शक्य नव्हते.

दुसरा प्रवाह परीक्षेचा. लंडन विद्यापीठाने १८५८ साली संलग्न महाविद्यालयात शिकल्याची अट काढून आपल्या परीक्षा बाहेरच्या उमेदवारांस खुल्या केल्या. तत्पूर्वी एकच वर्ष, म्हणजे १८५७ साली, लंडनच्याच धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते. तेथे अध्यापन महाविद्यालयांनी करावे व परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, अशी विभागणी होती. शिकविणारी संस्था आणि पदवी देणारी संस्था एकच असावी लागत नाही, हे तत्त्व त्यामुळे आपल्याकडे प्रारंभापासून परिचित आहे. त्याचे लाभ पुष्कळ झाले आणि त्याचा दुरुपयोगही पुढे झाला.

भारतात पत्रद्वारा पदवीशिक्षणाचा प्रयोग दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आरंभिला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ह्या पद्धतीच्या विस्ताराची शिफारस केली आणि १९७१ साली मुंबई विद्यापीठात तसा विभाग सुरू झाला. त्याच वर्षी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अध्यापनास प्रारंभ झाला. त्या आदर्शाने प्रेरित होऊन १९८२ साली आंध्र प्रदेशात, १९८५ साली केंद्रीय अधिनियमाने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या रूपाने, आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण ह्यांच्या नावे मुक्त विद्यापीठे उभी राहिली. नाशिकच्या विद्यापीठाने मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तके सिद्ध केली, ही गोष्ट विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

ह्या व्यवस्थेची बदलती नावेही उद्बोधक आहेत. ‘बहिःस्थ’ हे विशेषण विद्यार्थ्याचे स्थान सांगते. ‘पत्रद्वारा’ हा शब्द साधन सांगतो. ‘दूर’ शिक्षक व विद्यार्थी ह्यांमधील अंतर मान्य करतो. ‘मुक्त’ प्रवेशाचे आश्वासन देतो. ‘ऑनलाइन’ ह्या संज्ञेने आपण पुन्हा साधनाकडे वळलो आहोत. साधनवाचक नाव गुणवत्तेची ग्वाही देत नाही, हे ह्या संज्ञेच्या मोहात विसरले जाते.

ह्या विस्मरणाची किंमत विद्यार्थ्यांनीच मोजली आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांसंबंधी निर्णय दिला. आवश्यक पूर्वमान्यता घेतलेली नव्हती. २००१ ते २००५ ह्या काळात प्रविष्ट झालेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्या परीक्षेची संधी देण्यात आली; त्यानंतर प्रविष्ट झालेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. दोष संस्थांचा होता. तथापि वर्षे आणि पैसा गेला तो विद्यार्थ्यांचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम ह्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. त्यांनुसार विधिवत मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र मान्यता संस्थेच्या नावास सरसकट मिळत नाही; ती विशिष्ट अभ्यासक्रमास व विशिष्ट सत्रासाठी असते. म्हणून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या यादीत आपला अभ्यासक्रम व सत्र स्वतः पाहणे, ही पहिली दक्षता होय. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, विधी इत्यादी विषयांच्या पदव्या आणि पीएच.डी. ह्या पद्धतीने देता येत नाहीत. अध्यापनाचे काम मध्यस्थ संस्थेकडे सोपविण्यासही मनाई आहे. त्यामुळे कोणी दलाल ‘आमच्यामार्फत पदवी’ म्हणू लागल्यास सावध व्हावे.

प्रमाणपत्र आणि पदवी ह्यांतील भेदही ध्यानी घेतला पाहिजे. २०१७ साली ‘स्वयम्’ ह्या शासकीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक विद्यापीठाने स्वीकारल्यास पदवीत धरता येतात आणि २०२१ च्या विनियमांनी त्यांची कमाल मर्यादा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविली. एखादा सुटा अभ्यासक्रम पूर्ण करणे म्हणजे पदवी मिळविणे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

मान्यतेची खात्री झाल्यावरही काही प्रश्न उरतात. शंका विचारल्यास उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत? स्वाध्याय तपासून अभिप्रायासह परत मिळतो काय? परीक्षा कोठे व कोणत्या देखरेखीखाली होते? अध्ययनसामग्री व उत्तरपत्रिका ह्यांची भाषा कोणती? मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा अखेरचा प्रश्न गौण नव्हे. वर्गात शेजाऱ्याला विचारून भागविता येणारी भाषेची अडचण एकट्याने पडद्यासमोर बसल्यावर दुणावते.

१८४० साली तपासलेला उतारा टपालाने परत येत असे. आजच्या विद्यार्थ्याने शुल्क भरण्यापूर्वी आपला उतारा कोण तपासणार, हे विचारून घ्यावे. ज्या संस्थेस ह्याचे स्पष्ट उत्तर देता येत नाही, तिच्यापाशी केवळ साधन आहे, शिक्षण नाही, असे समजण्यास हरकत नाही.