गोव्याच्या शास्त्रज्ञांनी समुद्राला खत घातलं होतं

समुद्रात कार्बन मुरवून तापमानवाढ रोखायची, अशा बातम्या हल्ली मोबाईलवर सारख्या येतायत. मित्रांनो, हे नवं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या शास्त्रज्ञांनी २००९ सालीच हे करून बघितलंय.

कल्पना साधी. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषून वाढतात. मेल्या की त्यातला काही कार्बन त्यांच्यासोबत तळाला जातो. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, पण लोह कमी. म्हणजे लोह घाला, पीक वाढेल. अर्धं जहाज लोखंड द्या, हिमयुग आणून दाखवतो, असं अमेरिकेचे जॉन मार्टिन १९८८ मध्ये गमतीत म्हणाले होते.

दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी प्रयोग आखला. नाव 'लोहाफेक्स', त्यात आपलं 'लोहा'! प्रमुख होते वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक. जानेवारीत 'पोलारस्टर्न' जहाज केपटाऊनहून निघालं आणि जर्मनीत वाद पेटला. पर्यावरण खात्याने हरकत घेतली, प्रयोग थांबवला गेला. तज्ज्ञांनी तपासणी केल्यावरच परवानगी मिळाली.

मग सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एकूण २० टन फेरस सल्फेट टाकलं. झाडं पिवळी पडली की आपले बागायतदार वापरतात, तेच हिराकस.

पीक आलं, पण टिकलं नाही. कवचवाल्या डायटम वनस्पतींना सिलिका लागते, ती त्या पाण्यात संपलेली होती. बिनकवचाच्या वनस्पती बारीक जलचरांनी फस्त केल्या. खत आपलं, चराई दुसऱ्यांची! तळाला कार्बन गेला तो अगदी थोडा.

मी याला अपयश म्हणणार नाही. शास्त्रज्ञांनी निकाल जसा आला तसा जगापुढे ठेवला. पण आता समुद्रातल्या कार्बनवर क्रेडिट विकायची भाषा सुरू आहे. तिथे मला २००९ आठवतं. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र आधीच गिळतोय, त्यामुळे त्याचं पाणी आम्लधर्मी होत चाललंय. त्यात आणखी काही ओतणाऱ्याला दोन प्रश्न विचारायलाच हवेत: कार्बन खरंच तळाला गेला का, आणि मोजला कुणी?

प्रश्न विचारणं म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे. तेव्हाही प्रश्न विचारले गेले, तपासणी झाली, मगच जहाज कामाला लागलं. तुम्हाला काय वाटतं?