सत्तावनचें दुसरें काडतूस

सन १८५७ आणि काडतूस हे शब्द एकत्र येतांच एन्फील्ड बंदूक व चरबीचा वाद आम्हांस आठवावा, हें स्वाभाविकच होय. परंतु त्याच सालीं अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं खिशांत मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरासाठीं .२२ इंची चिमुकलें काडतूस विक्रीस आणलें, तें मात्र आमच्या इतिहासलेखकांच्या गांवींही नाहीं. हें '.२२ शॉर्ट' आत्मसंरक्षणास तसें दुबळेंच. पण त्या दुबळेपणामुळेंच पुढें तें नेमबाजांस प्रिय झालें. ऑलिंपिकच्या जलद पिस्तूल स्पर्धेंत शेवटीं चार सेकंदांत पांच लक्ष्यांवर पांच गोळ्या झाडाव्या लागतात. हात जितका कमी उसळेल, तितका पुढील नेम लवकर साधतो, म्हणून २.६ ग्रॅमपेक्षां १.९ ग्रॅमची गोळी बरी, असा साधा हिशेब होता. सन २००५ पासून नियमानें ही सोय बंद झाली व १८८७ चें '.२२ लाँग रायफल' सक्तीचें झालें. आमच्या मतें योग्यच झालें. कसोटी हाताची लागावी, काडतुसाची नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालीं पालेंबांग येथें २५ मीटर पिस्तुलाचें आशियाई सुवर्णपदक जिंकलें, तें याच काडतुसानें. थायलंडच्या प्रतिस्पर्धिणीशीं ३४ गुणांवर बरोबरी झाली आणि निकाल दोन जादा फेऱ्यांनंतर लागला. काडतुसाची जात उभयतांची एकच!

तथापि निवड अगदींच संपली नाहीं. एकाच कारखान्याच्या दोन घाण्यांतील काडतुसें एकाच नळींतून सारखीं जात नाहींत. म्हणून जाणता नेमबाज पिस्तूल शिकंज्यांत आवळून प्रत्येक घाण्यांतील थोडीं झाडून पाहतो, आणि ज्यांचीं छिद्रें सर्वांत जवळ पडतात त्यांच्याच पेट्या वर्षभरासाठीं घेऊन ठेवतो.