फिरून बोलावण्याची कुळकथा

घरी गेलेल्या शिपायाला सरकार परत बोलावतं, आणि तो येतो. युद्धाच्या बातम्यांत ही गोष्ट इतक्या सहज येते, की तिच्यामागचा व्यवहार नजरेआड होतो. ज्याची नोकरी संपली, हत्यार जमा झालं, पेन्शनची कागदपत्रं हाती पडली, त्याच्यावर सरकारचा कसला हक्क उरतो? देशप्रेमाचा, हे एक उत्तर. कायद्याचा, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे, पण या प्रथेचं कूळ शोधू लागलं की त्याहून जुनं उत्तर हाती येतं. जुन्या शिपायाला फिरून बोलावण्याचा हक्क सरकारला शांततेच्या काळात मोल देऊन राखावा लागतो, आणि जिथं ते मोल थकलं तिथं ऐन गरजेच्या वेळी बोलावणं निकामी ठरलं. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या डोंगरी तालुक्यांच्या आणि त्यांना लागून असलेल्या घाटमाथ्याच्या इतिहासात याचा पुरावा जितका सलग मिळतो, तितका पल्टणींच्या इतिहासातही मिळत नाही.

प्रथा जगभर जुनी आहे. रोमच्या सैन्यात मुदत संपलेल्या शिपायांना सेनापती नावानं बोलावून पुन्हा निशाणाखाली घेत, आणि अशांचा मान चालू नोकरीतल्या शिपायाहून मोठा असे. ख्रिस्तपूर्व 44 साली सीझरचा खून झाल्यावर एकोणीस वर्षांचा ऑक्टेव्हियन कँपानियात गेला. सीझरनं तिथं आपल्या जुन्या शिपायांना जमिनी देऊन वसवलं होतं. त्यांना त्यानं माणशी 500 दिनार देऊन उभं केलं. त्याच्याजवळ तेव्हा ना अधिकारपद होतं, ना कायदा. होती ती आधीच्या धन्यानं दिलेली जमीन, आणि ती जमीन शाबूत राहील हा भरवसा. रोख रक्कम वरची. बोलावणं उभं होतं ते जमिनीवर.

आपल्याकडे हाच व्यवहार गडांच्या आश्रयानं वाढला. शहापूरच्या डोक्यावर माहुली, मुरबाडच्या अंगाला सिद्धगड आणि गोरखगड, मध्ये नाणेघाटाची आणि माळशेजची वाट. एवढ्या मुलखाला बारमाही खडी फौज कोणत्याही सत्तेला परवडणारी नव्हती. माहुली किल्ला शहाजीराजांकडून मोगलांकडे गेला, शिवाजी महाराजांकडे आला, 1665 च्या पुरंदरच्या तहात पुन्हा गेला आणि 1670 साली परत मिळाला. धनी बदलत गेले, पण गडाच्या पायथ्याची माणसं तीच राहिली. गडाच्या राखणीची मराठी राज्यातली पद्धत या माणसांवर बेतलेली होती. गडावर थोडी शिबंदी, आणि घेऱ्यातल्या वाड्यांत जमिनी कसणारे कोळी, महार, रामोशी आणि मराठे. मेटांचे, म्हणजे गडाच्या वाटेवरच्या चौक्यांचे, पहारे यांचे, चोरवाटा यांना ठाऊक, आणि गरज पडली की गडावर हजर होण्याची जबाबदारीही यांचीच. बाप थकला की मुलगा उभा राही, पण चढाईच्या वेळी थकलेला बापही वर येई, कारण जमीन घराण्याच्या नावावर होती आणि चाकरी त्या जमिनीला जोडलेली होती. नोकरीत असलेला आणि नोकरीतून सुटलेला असा भेदच या पद्धतीत नव्हता. आजच्या राखीव दलाचं खरं मूळ इथं आहे, असं माझं मत आहे. युरोपातून आपल्याकडे आला तो या व्यवहाराचा कागदी नमुना.

कंपनी सरकारनं 1818 नंतर गड मोडले आणि गडाशी बांधलेली चाकरी निरुपयोगी ठरवली. ज्यांची चाकरी गेली त्यांचे हक्क आणि नेमणुकाही कापल्या गेल्या. याचे परिणाम लगेच दिसले. पेशवाईच्या अखेरच्या काळात जावजी बांबळे या बंडखोर महादेव कोळी नाइकाला पुण्याच्या दरबारानं माफी देऊन राजूरकडचा मुलूख सोपवला होता, कारण डोंगर राखायला डोंगरातला माणूस लागतो हे त्या दरबाराला उमगलं होतं. नव्या सरकारला ते उमगलं नाही. दहा-बारा वर्षांच्या आत रामजी भांगरे आणि त्याचे सोबती बंडात उतरले. हा रामजी स्वतः सरकारी चाकरी केलेला. त्याचा मुलगा राघोजी भांगरे 1844 नंतर या सगळ्या घाटमाथ्यावर आणि खालच्या कोळवणात सरकारला पुरून उरला. शहापूर-मोखाड्याच्या पट्ट्याचंच कोळवण हे जुनं नाव. राघोजीला 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्याच 1844 साली कोल्हापूर संस्थानात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी, म्हणजे गडाच्या वंशपरंपरागत राखणदारांनी, उठाव केला, तोही गडाच्या जमिनींवरचा त्यांचा ताबा मामलतदारांकडे वळवल्यामुळे. राघोजीच्या बंडाला सावकारी आणि पोलिसी छळ अशी आणखी कारणं होती, ती मी नाकारत नाही. पण दोन ठिकाणी, एकाच सुमारास, जुन्या चाकरीची माणसंच उलटली, याला योगायोग म्हणता येणार नाही.

पुढचं प्रकरण या कुळकथेतलं सर्वांत बोलकं आहे. 1857 च्या धामधुमीत भागोजी नाईकाच्या भिल्लांनी नगर-नाशिकच्या डोंगरात सरकारला जेरीस आणलं आणि नियमित पल्टणी त्या चढ-उतारांत निरुपयोगी ठरल्या. तेव्हा नटॉल नावाच्या अधिकाऱ्यानं महादेव कोळ्यांची सुमारे 600 जणांची कोळी पलटण उभी केली. ज्यांच्या बापजाद्यांना गडावरून उतरवलं, ज्यांच्या नाइकाला दहा वर्षांपूर्वी फासावर दिलं, त्याच समाजाला हाक गेली. ती त्यांनी ऐकली आणि काम चोख केलं. मग 1861 साली पलटण मोडली गेली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे शेतीकडे आणि मजुरीकडे परतले. त्यांची नावं राखीव यादीत ठेवावीत, त्यांना वर्षाकाठी काही तनखा द्यावा, असं कोणाला वाटलं नाही. परत बोलावण्याचा हक्क सरकारजवळ होता, आणि तो सरकारनं आपल्या हातानं टाकून दिला.

याच शतकात युरोपात हा हक्क कागदावर पक्का होत होता. नेपोलियननं हरवल्यावर 1808 च्या करारानं प्रशियाची फौज 42,000 वर बांधली गेली. तेव्हा शार्नहोर्स्ट या प्रशियन सेनाधिकाऱ्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिपायांना थोडा काळ शिकवून घरी धाडायचं आणि त्यांच्या जागी नवे घ्यायचे, असा मार्ग काढला. 1870 च्या युद्धात फ्रान्स कोसळला तो प्रशियाच्या राखीव शिपायांच्या लोंढ्यापुढे. त्याच साली इंग्लंडनं युद्धमंत्री कार्डवेलच्या सुधारणांत बारा वर्षांच्या भरतीची निम्मी वर्षं पलटणीत आणि निम्मी राखीव, अशी विभागणी केली. हिंदुस्थानी फौजेत राखीव दल 1886 च्या सुमारास आलं आणि 1888 च्या कायद्यानं त्याचे दोन भाग झाले: एक लढाईला जाणारा, दुसरा ठाण्यांच्या राखणीचा. दुसऱ्या भागाची कल्पना वाचताना माहुलीच्या घेऱ्याची आठवण होते, फक्त जमिनीच्या जागी दरमहाची थोडी रक्कम आणि पुढच्या पेन्शनची आशा आली.

आता एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. 1914 साली या राखीव यादीवर सुमारे 35,000 माणसं होती, त्यांना मोबदला मिळत होता, तरीही ती व्यवस्था पार फसली. फ्रान्सला पोचलेल्या राखीव शिपायांतले कित्येक वयानं आणि प्रकृतीनं खंदकात उभे राहण्याजोगे नव्हते. मग मोल दिल्यानं काय साधलं? साधलं ते एवढंच, की यादी भरलेली राहिली. पेन्शन मिळायची ती पुष्कळ वर्षं भरल्यावर, म्हणून माणसं वय उलटलं तरी नाव टिकवून राहिली. मासिक रक्कम इतकी तुटपुंजी, की तिच्यापायी कोणी अंगात कस राखणार नव्हता, आणि मधल्या सरावाचा काळही अपुरा. त्या सरकारनं माणसाच्या नावाचं मोल दिलं, त्याच्या तयारीचं दिलं नाही. गडकऱ्याची तयारी त्याच्या रोजच्या जगण्यात होती. डोंगर तो रोजच चढत होता. घरी बसलेल्या शिपायाची तयारी वेगळी विकत घ्यावी लागते, आणि ती महाग असते. आक्षेपानं माझा मुद्दा मोडत नाही, उलट मोल कशाचं द्यायचं ते तो नेमकं सांगतो.

मुरबाड तालुक्याची आणखी एक नोंद इथं घेतलीच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचं माहेर मुरबाडजवळचं आंबेटेंभे. त्यांचे वडील आणि सहा चुलते फौजेत सुभेदार-मेजरच्या हुद्द्याला पोचले होते, असं चरित्रकार सांगतात. त्या काळी हिंदी शिपायाला मिळू शकणारा तो सर्वांत वरचा हुद्दा, आणि एका घरात तो सात वेळा. मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली होती. 1892 च्या सुमारास लढाऊ जातींच्या खुळापायी त्यांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली कोकणातल्या पेन्शनरांच्या वतीनं सरसेनापतींना उद्देशून अर्ज तयार केला. आमच्या बापजाद्यांनी राज्य मिळवून दिलं, आता दार का लावता, हा त्याचा आशय. दार उघडलं 1917 साली, महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर, तेव्हा 111 वी महार पलटण निघाली. 1921 ला ती मोडली. 1941 ला पुन्हा गरज पडली आणि आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. कोळी पलटणीचीच कहाणी, अधिक मोठ्या प्रमाणात आणि अधिक कडवट: कामाला बोलवा, काम झालं की मोडा, वीस वर्षांनी पुन्हा नव्यानं सुरुवात करा. या वीस वर्षांत शिकलेले शिपाई म्हातारे झाले आणि त्यांचं शिक्षण पुढच्यांना मिळालं नाही. राखीव यादी न ठेवण्याचा खर्च तेव्हाच्या हिशेबाच्या वहीत दिसला नसेल, पण झाला तो याच मुलखातल्या घरांचा.

स्वातंत्र्यानंतर पायदळात सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं राखीव, असा करार बराच काळ चालला. 1965 आणि 1971 च्या युद्धांत राखीव जवानांना हुकूम गेले आणि ते हजर झाले. पंधरा वर्षं मिळून भरली की राखीव जवानाची पेन्शन सुरू होई, म्हणजे घरी बसलेल्या आठ वर्षांचंही मोल होतं. पुढे पलटणीतली वर्षं वाढली आणि राखीव काळ दोन वर्षांवर आला. प्रादेशिक सेना 1948 च्या कायद्यानं उभी राहिली. मे 2025 मध्ये केंद्रानं लष्करप्रमुखांना ती पाचारण करण्याचे अधिकार दिले, आणि 32 पैकी 14 पायदळ बटालियन सेवेत घेण्याची तरतूद केली. 1948 च्या कायद्यातलं सातवं कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बोलावणं आलेल्या माणसाला परतल्यावर त्याची मुलकी नोकरी द्यायला मालक बांधील आहे. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करणारा माणूस प्रादेशिक सेनेत असेल, तर त्याचं मशीन त्याची वाट पाहील ही हमी कायदा देतो. गडकऱ्याच्या जमिनीचा हा आजचा अवतार. निवृत्त जवान पुन्हा गणवेशात येण्याची रोजची वाट म्हणजे संरक्षण सुरक्षा दल, लोकांच्या बोलण्यातलं 'डीएससी'. तिथं पगार ठरलेला, मुदत ठरलेली आणि पुरेशी वर्षं भरली की दुसरी पेन्शनही. म्हणूनच त्या दलाला माणसं मिळतात.

कोणी म्हणेल, हा सगळा हिशेब देशप्रेमाला कमी लेखतो. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा कितीतरी माजी सैनिकांनी आपणहून तयारी दाखवली, त्यांनी कुठे मोल मागितलं होतं? मागितलं नव्हतं, आणि त्यांच्या भावनेपुढे मान लवते. पण आपणहून येणारा किती संख्येनं आणि कोणत्या वयाचा येईल, त्याला काय येत असेल, हे आधी ठरवता येत नाही. युद्धाची आखणी त्यावर करता येत नाही. केवळ कायद्याच्या जोरावर बोलावण्याची गतही ताजी आहे. 21 सप्टेंबर 2022 रोजी रशियानं 3,00,000 राखीव माणसांना बोलावलं, तेव्हा जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमेवर पळणाऱ्यांच्या रांगा लागल्या. ज्या नात्याचं मोल शांततेत दिलेलं नव्हतं, ते हुकुमानं एका रात्रीत जुळलं नाही.

यामुळे अग्निपथ योजनेचा विचार या कुळकथेच्या अंगानं करायला हवा, आणि तो फारसा होत नाही. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतील, बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतील, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्या आता त्या टप्प्याशी आल्या आहेत. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतही यातले तरुण परततील. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंग तयार, हत्याराची आणि आजच्या यंत्रांची ओळख ताजी. 1914 ला ज्या माणसांची उणीव होती, नेमकी तीच ही माणसं. त्यांना वर्षाला ठरावीक रक्कम, दरसाल काही आठवड्यांचा सराव, त्या काळात मुलकी नोकरीची हमी आणि जखमी झाल्यास पलटणीतल्या जवानाइतकाच हक्क, एवढं लेखी दिलं तर दहा वर्षांत देशाजवळ असं राखीव दल उभं राहील जसं आपल्याकडे कधी नव्हतं. खर्च मोठा आहे. पेन्शनच्या मानानं तो कमीच राहील. तो टाळला तर त्यांची नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदीतही नीट लागतील की नाही, हा प्रश्न आहे, आणि तो ठाण्यात बसून आजच विचारता येण्याजोगा आहे.